माइकच्या जाळीवरचे शब्द

मित्रांनो, माझ्या तोंडाला वास येतो, पण तो माझा नाही. मी सोलापूरच्या नवनाथ मंडपवाल्यांचा एक जुना माइक आहे. माझ्या जाळीमागे एक पातळ पडदा आहे. कोणी बोलले की तो थरथरतो, त्याला चिकटलेली तारेची गुंडाळी चुंबकापाशी हलते आणि आवाजाची वीज होते. पडद्याला खरेखोटे कळत नाही. मला मात्र कळू लागले आहे.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली. शाळांची स्नेहसंमेलने, बारशी, गड्ड्याच्या जत्रेत हरवलेल्या मुलांची नावे. प्रत्येक कार्यक्रमानंतर नवनाथकाका माझी जाळी काढून धूत. माझा आवाज लई स्वच्छ आहे, असे लोक त्यांना सांगत.

मग सात रस्ता चौकाजवळच्या एका हॉलने मला कायमचे भाड्याने घेतले. तिथे दर रविवारी माणसांची साखळी जोडून पैसे गोळा करणारे युवराजसर येतात. मला ओठांना चिकटवून बोलतात. तोंडात वेलदोडा, त्याखाली तंबाखू. त्यांच्याकडे पैशाला पैसा म्हणत नाहीत. भरलेली रक्कम म्हणजे 'सीट'. गळाला लागलेला माणूस म्हणजे 'डाऊनलाइन'. आपले नातेवाईक म्हणजे 'वॉर्म मार्केट'. पैसे बुडाले तर ते 'लर्निंग'. आणि इथे नक्की विकतात काय, असे विचारणारा 'निगेटिव्ह'. प्रत्येक शब्दाबरोबर माझ्यावर थुंकी उडते. मला शिसारी येते. थुंकी निदान पुसता तरी येते.

मागच्या महिन्यात धम्मप्रिया व्यासपीठावर आली. ती दवाखान्यात परिचारिका आहे. लग्नासाठी साठवलेले सगळे तिने 'सीट'मध्ये घातले होते. आणखी एक माणूस आणला तर त्यातले थोडे परत मिळणार होते. तो माणूस पहिल्या रांगेत बसला होता: तिची मावशी येसूबाई, एसटीच्या आगारातून नुकतीच निवृत्त झालेली, पर्समध्ये चेकबुक घेऊन. तिथली रीत अशी, की नव्या माणसाने चेक देण्याआधी त्याला आणणाऱ्याने माइकवर सांगायचे, माझे आयुष्य बदलले. युवराजसरांनी वाक्ये पाठ करून घेतली होती.

धम्मप्रियाने मला हातात घेतले. "माझं आयुष्य..." एवढे बोलून ती थांबली.

"बोल की गं, लाजतीस कशाला?" मावशी खालून कौतुकाने म्हणाली. हॉल हसला.

युवराजसर कडेने कुजबुजले, "मॅडम, थोडी फायर. मावशी क्लोज होतायत, चेक आलाच समजा."

धम्मप्रियाने माझे बटण बंद केले.

"मावशी, माझे पैसे गेले," ती साध्या आवाजात म्हणाली. "तुझे आले तर त्यातले थोडे मला मिळणार होते, म्हणून तुला आणलं. चेक देऊ नकोस."

येसूबाईने पर्स मिटली. "मला नवी साडी नेसवलीस ती ह्याच्यासाठी व्हय?"

दोघी बाहेर गेल्या, पण शेजारीशेजारी नाही. युवराजसरांनी मला उचलले, दोन निगेटिव्ह माणसे कमी झाली असे जाहीर केले आणि टाळ्या मागितल्या. लोकांनी त्या दिल्या.

मित्रांनो, माझी जाळी जरूर स्वच्छ ठेवा. पण कोणी अनोळखी शब्दांत पैशाची गोष्ट सांगू लागला, तर त्याला मला बाजूला ठेवायला सांगा. तीच गोष्ट तो स्वतःच्या आईला सांगेल तशी सांगायला लावा. नाहीच सांगता आली, तर निदान तुमच्या टाळ्या त्याला देऊ नका. त्या दिवशी त्या टाळ्यांनी माझा पडदा थरथरत राहिला. मला पोट नाही, नाहीतर मी ओकलो असतो.