सूझाफोनमधला बॉल

चारुदत्तला त्याचा मुलगा कायमचं दूर दक्षिणेत, अल्फारेटाला नेणार, हे मला त्याच्या बायकोने, वसुधाने, आमच्या एडिसनमधल्या ओक ट्री रोडवरच्या दुकानात कोथिंबीर निवडताना सांगितलं. माझ्या हातातली जुडी सुटली ती थेट शेजारच्या बाईंच्या ट्रॉलीत. बाई ती तशीच घेऊन गेल्या.

"अमेयने घर बघून ठेवलंय," वसुधा म्हणाली. "त्याच्या घरापासून चालत जाण्यासारखं. सोमवारी बिल्डरला हो म्हणायचंय."

"पण का?"

"त्याला वाटतं, बाबांना विसर पडायला लागलाय. फोनवर काही विचारलं की हे नुसतं 'हं' म्हणतात. नातवाचा, वेदचा, वाढदिवस विसरले. परवा तर अमेयलाच विक्रम म्हणून हाक मारली."

"मग? नाव काय वाईट आहे माझं?"

"भावजी, थट्टा नको. मला इथून हलायचं नाहीये. पण हे हो म्हणत नाहीत नि नाहीही म्हणत नाहीत. तुम्हीच काहीतरी करा आता."

चारू म्हणजे हृदयाचा डॉक्टर, आता निवृत्त. नागपूरला मेडिकल कॉलेजात विकेटकीपर होता. आम्ही दोघं न्यू जर्सीत आलो तेव्हा क्रिकेट बघायला मिळायचं नाही, म्हणून भूक भागवायला इथल्या एका छोट्या बेसबॉल टीमच्या मैदानावर जायला लागलो. टीमचं नाव हेरन्स. आम्ही त्यांना बगळे म्हणतो. मोठ्या टीममध्ये चढू पाहणारी पोरं आणि मोठ्या टीममधून घसरलेले बाप्ये, असा सगळा कारभार. ऐंशीचं अख्खं दशक आम्ही उन्हाळ्यातले रविवार तिथल्या बाकांवर काढले, आणि त्या दशकात तिथे जे जे घडलं ते मी एडिसनच्या प्रत्येक डोहाळजेवणात, मुंजीत आणि साठीशांतीत सांगत आलोय. थोडंफार जे घडलं नाही तेही सांगितलंय.

आणि दर वेळी चारू शेजारी बसून माझा पतंग कापत आलाय. "तारीख चुकली." "तो पिचर डावखुरा होता." "तू त्या दिवशी नव्हतासच." बाकीचे लोक माझ्या गोष्टी ऐकून हसतात आणि जिलेबी घ्यायला उठतात. मन लावून ऐकतो तो एकटा चारू. तो अल्फारेटाला गेल्यावर मी कितीही उंच उडवला तरी कापणारं कोण?

तेव्हाच माझ्या डोक्यात बेत शिजला. त्या रविवारी बगळ्यांच्या मैदानावर 'एटीज डे' होता आणि अमेय वीकेंडला आलेलाच होता. मी चार तिकिटं काढली. चारू फोनवर 'हं' म्हणत असेल, पण माझ्या तोंडून चुकीची गोष्ट ऐकून तो गप्प बसूच शकत नाही. मी जुन्या खऱ्या गोष्टी मुद्दाम चुकवून सांगायच्या, चारूने त्या दुरुस्त करायच्या, आणि बापाचं डोकं कसं लख्ख आहे ते अमेयने आपल्या कानांनी ऐकायचं. चारूला यातलं काही सांगायचं नाही. तो सरळ माणूस, उगाच घोळ घालायचा.

गेटवर सगळ्यांना ऐंशीच्या फॅशनच्या नकली मिशा वाटत होते. वसुधाने चारूला मिशी चिकटवली. तो तमाशातल्या सरदारासारखा दिसायला लागला, पण बोलला काही नाही. अमेय त्याच्या शेजारी बसला, आणि गॅसवर ठेवलेल्या दुधाकडे बघावं तसा बापाकडे बघत राहिला. वसुधाने पर्समधून चोरून आणलेला चिवडा काढला. मी घसा साफ केला.

"अमेय, त्र्याऐंशी साली काय झालं माहीत आहे? मॅच रंगात आलेली आणि सेकंड बेसवर मधमाश्यांचं मोहोळ येऊन बसलं!"

अमेयसाठी मी अर्धं इंग्रजीत सांगत होतो, त्यामुळे पुढच्या रांगेतले एक गोरे आजोबाही मान वळवून ऐकायला लागले.

"कोणी बेसकडे धावेना. शेवटी मैदानवाल्याने व्हॅक्यूम क्लीनर आणला आणि—"

"थर्ड बेस," चारू म्हणाला.

"काय?"

"थर्ड बेसवर बसलं होतं. आणि त्र्याऐंशी नाही, चौऱ्याऐंशी. माझी इथली डॉक्टरकीची बोर्डाची परीक्षा त्याच आठवड्यात झाली. आणि व्हॅक्यूम क्लीनर कसला आणतोयस? मधमाश्या पाळणारा एक म्हातारा आला, जाळीची टोपी घालून. लोकांना वाटलं, नवीन अंपायर आला. त्यांनी त्याला शिव्या दिल्या."

अमेयची भुवई वर गेली. मी मनातल्या मनात उडी मारली.

"बरं, ते धुकं तरी? लेफ्ट फील्डला उभा असलेला तो खेळाडू? धुक्यामुळे मॅच रद्द झाली, सगळे घरी गेले, आणि याला कोणी सांगितलंच नाही. हा आपला उभाच!"

"सेंटर फील्ड," चारू म्हणाला. "लेफ्टवाला हुशार, तो आधीच सटकला होता. आणि सेंटरवाल्याला शोधायला हे विक्रमकाका गेले आणि हेही हरवले, ते नाही सांगितलं याने. दोघं एकमेकांना हाका मारत उलट्या दिशांना चालत होते."

वसुधा तोंडावर पदर धरून हसली. अमेय म्हणाला, "बाबा, यू रिमेंबर ऑल दॅट?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण मला थांबता आलं असतं तर मी आयुष्यात आणखी काहीतरी झालो असतो. तेवढ्यात एका शाळेचा बँड मैदानाच्या कडेला येऊन बसला, त्यात एक पोरगा भलंमोठं पितळी वाद्य घेऊन होता, आणि ऊन त्याच्यावर असं काही चमकलं की माझ्या तोंडून गोष्ट आपोआप सुटली.

"आणि तो ट्यूबा! शहाऐंशी साली असाच बँड बसला होता. बगळ्यांच्या विरुद्ध खेळणाऱ्या एकाने बॉल उंच मारला, तो खाली आला तो थेट ट्यूबाच्या तोंडात! आत अडकला. धावणारा धावतोय. आपला फील्डर काय करणार? त्याने अख्खा ट्यूबा उचलला आणि होम प्लेटकडे पळत सुटला!"

हे मी त्या क्षणी रचलं होतं. असं काही, कधीही, कुठेही झालेलं नव्हतं. मी चारूच्या 'खोटं बोलतोयस'ची वाट बघत राहिलो.

चारूने मिशी नीट बसवली. "ट्यूबा नाही. सूझाफोन."

मी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"ट्यूबा मांडीवर घेऊन वाजवतात. हा सूझाफोन होता, तो अंगाभोवती घातलेला असतो. काढायला वेळ कुठे? फील्डरने वाजवणाऱ्यासकट ओढत आणला. तो बिचारा धावता धावता वाजवतच होता, कारण त्याला मास्तरांनी थांबायला सांगितलं नव्हतं. दोघं मिळून धावणाऱ्यावर आदळले. पण अंपायर म्हणाला, बॉल दिसल्याशिवाय मी आउट देणार नाही. मग त्या पोराला जोरात फुंकायला लावलं. तिसऱ्या फुंकीला बॉल निघाला आणि अंपायरच्याच पोटात लागला. आउट."

"वॉव," अमेय म्हणाला. "बाबा, दॅट्स इन्क्रेडिबल! एवढे डीटेल्स!"

अमेय खुशीत आला. माझ्या मात्र हातातला चिवडा तसाच राहिला. जे घडलंच नाही ते चारूला आठवत होतं, फुंकीसकट. चारूच्याच तोंडून मी ऐकलं होतं की विसर पडायला लागलेली माणसं मोकळ्या जागा असल्याच गोष्टींनी भरून काढतात, आणि त्यांना त्या खऱ्याच वाटतात. म्हणजे पोरगा बरोबर होता. म्हातारा खरंच घसरत होता, आणि मी स्वतःची करमणूक टिकावी म्हणून त्याला मुलापासून लांब ठेवायला निघालो होतो.

मी त्याला लिंबू सरबताच्या रांगेत गाठलं.

"चारू, तो सूझाफोन. तुला खरंच आठवतोय?"

"म्हणजे काय! पोरगं लाल केसांचं होतं."

सरबत न घेताच मी परत आलो आणि अमेयच्या शेजारी बसलो.

"अमेय, ती सूझाफोनची गोष्ट खोटी आहे. मी ती आत्ता, इथे बसून रचली. तुझ्या बाबांना जे आठवलं ते झालेलंच नाही. त्यांना घेऊन जा तू."

अमेय खो खो हसला. "काका, कम ऑन! यू आर सच अ—"

"शपथ घेऊन सांगतो! वसुधा, तू तरी सांग."

"तुमच्या शपथा मी बघितल्यात, भावजी."

तेवढ्यात पुढच्या रांगेतले आजोबा जागेवर परतले आणि बसता बसता आमच्याकडे वळले. त्यांची मिशी एका बाजूने सुटली होती. ते म्हणाले की क्षमा करा, पण ती गोष्ट अगदी खरी आहे. मी त्या दिवशी इथेच होतो, वडिलांबरोबर. फक्त पोराचे केस लाल नव्हते, सोनेरी होते.

लाल केसांचं तर चारूने मला रांगेत सांगितलं होतं. या माणसाला कुठून कळलं?

मी मागे पाहिलं. चारू हातात दोन सरबतं घेऊन उभा होता आणि त्याचं पोट गदगदा हलत होतं.

"रांगेत हे माझ्या मागेच होते," तो म्हणाला. "मी म्हटलं, माझ्या मित्राची जरा फिरकी घ्यायचीय, मदत कराल का? मोठ्या आनंदाने तयार झाले." आजोबांनी मिशीला हात लावून सलाम केला. "विक्रम्या, अरे तुझा चेहरा बघ! चाळीस वर्षं तू माझ्यासमोर फेकतोयस. बँडवर तुझी नजर गेली तेव्हाच मला कळलं की आता वाद्य येणार. म्हटलं, आज आपणही करून बघू. बरं जमलं की."

मला हसावं की त्याच्या डोक्यावर सरबत ओतावं कळेना. मी दोन्ही केलं नाही. रुमालाने डोळे पुसले आणि ऊन फार आहे म्हणालो.

अमेय मात्र हसत नव्हता. "वेट. बाबा, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात?"

"हो," चारू म्हणाला आणि त्याच्या शेजारी बसला. मिशी काढून त्याने खिशात ठेवली. "आणि ते सोपं गेलं. खरं बोलायलाच जमत नव्हतं. अमेय, मला अल्फारेटाला यायचं नाही."

मैदानावर कोणीतरी काहीतरी केलं, लोक उठून ओरडले, पुन्हा बसले. आम्ही चौघं तसेच.

"तू फोनवर इतक्या मायेने विचारायचास," चारू म्हणाला. "बागेचा फोटो पाठवायचास. आईसाठी देवघराची जागासुद्धा काढलीस. नाही कसं म्हणायचं, सुचायचं नाही. म्हणून हं म्हणायचो."

"आय थॉट वुई वेअर लूझिंग यू," अमेय म्हणाला. मग मराठीत म्हणाला, "मी घाबरलो होतो, बाबा."

"माहीत आहे. चूक माझी."

"पण वेदचा बर्थडे?"

"तो खरंच विसरलो. तुझाही विसरायचो. विचार आईला."

"दर वर्षी," वसुधा म्हणाली. "मीच आठवण करून द्यायचे. या वर्षी मुद्दाम नाही करून दिली, म्हटलं बघू तरी."

"आई!"

"आणि मला विक्रम म्हणालात ते?" अमेयने बापाला विचारलं.

"तू तेव्हा एक काहीतरी भलतंच पटवून देत होतास, म्हणून तोंडातून गेलं."

मग बापलेकाची बरीच घासाघीस झाली. अमेय म्हणाला, दर रविवारी व्हिडिओ कॉल, आणि त्यात 'हं' चालणार नाही, पूर्ण वाक्य हवं. शिवाय मेमरीची टेस्ट एकदा करून घ्यायचीच. चारू म्हणाला, टेस्टला हरकत नाही, मी पास होईन, विक्रमलाही न्या. थंडीचे दोन महिने अल्फारेटाला राहायचं ठरलं. तेवढे दोन महिने इथला बर्फ मी एकट्याने उपसायचा, असंही माझ्या गैरहजेरीत ठरवावं तसं माझ्यादेखत ठरलं.

अमेयने तिथूनच बिल्डरला फोन लावला. रविवार होता, म्हणून मेसेज ठेवला. फार सभ्यपणे त्याने सांगितलं की घर सुंदर आहे, पण माझे वडील नाही म्हणालेत. चारू ते ऐकत होता. शेवटचं वाक्य ऐकताना तो जरा ताठ बसला, दीक्षान्त समारंभात आपलं नाव पुकारायच्या आधी माणूस बसतो तसा.

फोन ठेवून अमेयने चिवड्याचा बकाणा भरला आणि विचारलं, "सो, हू इज विनिंग?"

चारूने माझ्याकडे पाहिलं, मी वसुधाकडे, वसुधाने पुढच्या आजोबांकडे. त्यांनी खांदे उडवले. तेही सकाळपासून आमच्याकडेच तोंड करून बसले होते.