परकी पँट

माझी मुलगी रेगुला झ्युरिकला राहते. झ्युरिकला जाऊन आमच्या बाझेलच्या माणसाचं डोकं कसं फिरतं ते बघायचं असेल, तर तिच्याशी पाच मिनिटं बोला. गेल्या महिन्यात माझ्याकडून एकदा दूध उतू गेलं आणि शेगडीजवळचं फडकं जळलं. झालं, बाईसाहेबांनी लगेच वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली.

"भांडण नको, आई," ती काल म्हणाली. "उद्या दिवसभर एकटी शहरात फिर. शेजारीण बरोबर नको, मला फोन नको. संध्याकाळी सहाला फेरीबोटीच्या धक्क्यावर नीट येऊन भेटलीस, तर खोली नको म्हणून कळवते."

ज्या गावात जन्म गेला, त्या गावात फिरायची परीक्षा. पण खोली टळायची होती, म्हणून मुकाट्याने निघाले. टेकडीवरच्या लाल चर्चपर्यंत चढून गेले, मागच्या गच्चीवरून ऱ्हाइन बघितली. एका जोडप्याने टाउन हॉलचा रस्ता विचारला, तो बरोबर सांगितला. बाजारात बाकावर बसून चेरीचा केक खाल्ला. हे सगळं मी नीट केलं, पण साक्षीदार कुठून आणू?

दुपारी ऊन असं तापलं की दगडावर पाय ठेववेना. मग मी तेच केलं जे इथे सगळे करतात. ड्रेस, चपला, पाकीट, फोन सगळं पोहायच्या पिशवीत गुंडाळून घातलं, पिशवी छातीशी धरली आणि नदीत उतरले. या पिशव्या माशाच्या आकाराच्या असतात, पाणी आत जात नाही, आणि निम्म्या गावाकडे लालच असतात. प्रवाहाने मला अलगद जुन्या पुलाखालून नेलं. पलीकडे पायऱ्यांवर चढले, पिशवी इतरांच्या पिशव्यांशेजारी ठेवली आणि काठावरच्या शॉवरखाली उभी राहिले.

परत येऊन पिशवी उघडली, तर आत पुरुषाची पँट, शर्ट आणि होडीएवढे बूट.

आता मला सांगा, ओल्या पोहायच्या कपड्यांतली बाई रस्त्यात उभी राहून मदत मागतेय, तर कुणी तरी दचकावं की नाही? पण या गावात उन्हाळ्यात निम्मे लोक तसेच हिंडत असतात. एक पोलीस म्हणाला, "मजा आहे बुवा तुमची." एक बाई म्हणाली, "येईल हो आजी परत, पिशवी काय पळून जातेय?" मी सगळ्यांपुढे हात टेकले. शेवटी ती पँट चढवली, खालून दुमडली, आणि कंबर मुठीत धरून चालू लागले. रेगुलाने मला असं पाहिलं, तर खोली पक्की.

तेवढ्यात पिशवीतला परका फोन वाजला.

"माफ करा, माझी पँट तुमच्याकडे आहे का?" एका पुरुषाचा आवाज. "मी थोमेन. तुमच्या फोनवरून बोलतोय, याला कुलूपच नाही."

"आहे. माझा ड्रेस कुठाय?"

"घातलाय. दुसरं काही नव्हतं."

"सहाच्या आधी फेरीबोटीच्या धक्क्यावर या," मी म्हटलं. "माझी मुलगी यायच्या आत. उशीर केलात तर पँट नदीत टाकीन."

तो उशिरा आला नाही. माझ्याही आधी आला. रेगुला त्याच्याही आधी आली होती. मी पोचले तेव्हा तो चाळिशीतला धिप्पाड माणूस माझा फुलाफुलांचा ड्रेस घालून उभा होता, पाठीची चेन उघडी, आणि माझी मुलगी पोट धरून हसत होती.

"होतं हो असं," ती त्याला म्हणत होती. "सगळ्या पिशव्या सारख्याच. माझीही एकदा बदलली होती."

मग तिने मला पाहिलं आणि हसू गेलं. जवळ येऊन तिने माझं कोपर धरलं आणि तान्ह्या बाळाशी बोलावं तशी सावकाश बोलली, "आई, बस इथे. घाबरू नकोस. आज वार कोणता, आठवतंय का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"त्याला विचार," मी म्हटलं.

"आई, अगं..."

"त्याचीही पिशवी बदलली. तो बायकी ड्रेस घालून उभा आहे, तर तुला गंमत वाटते. मी त्याची पँट घातली तर म्हातारी भ्रमिष्ट. आधी त्याला वार विचार."

थोमेनने प्रश्न मनावर घेतला. "गुरुवार ना?"

"शुक्रवार," मी म्हटलं.

रेगुलाचे कान लाल झाले. माझ्या कोपरावरचा हात तिने काढून घेतला. "उद्या सकाळी कळवते त्यांना," ती खाली बघत म्हणाली.

"आत्ता कळव. माझ्यासमोर."

तिने फोन काढला. थोमेन हळूच म्हणाला, "तोवर आपण कपडे बदलू या का?"

"थांबा जरा," मी म्हटलं, आणि पलीकडे कुणी फोन उचलेपर्यंत आणि रेगुला "नको, खोली नको" म्हणेपर्यंत त्याची पँट कमरेला घट्ट धरून उभी राहिले.