सावलीच्या पंपाने पाहिलेली सायकल शर्यत

मित्रांनो, मी सायकलच्या चाकात हवा भरणारा एक जुना पंप आहे. सावली गावच्या बसस्टँडसमोर इसरूभाऊंच्या दुकानात उभा असतो. एके काळी शाळेची पोरं माझ्यासाठी रांग लावत. मग घरोघरी मोटारसायकली आल्या. आता लोक माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालतात. घाला बापा!

यंदा आमच्या भागात बायकांची मोठी सायकल शर्यत झाली. बल्लारपूरहून निघायचं, कोरपन्याकडे वळसा घालायचा आणि शेवटच्या दिवशी सावलीवरून गडचिरोली गाठायची. सगळ्या दिवसांचा मिळून जिचा वेळ कमी, ती जिंकणार. इसरूभाऊंची लेक दिव्यानी तिच्यात होती. जिंकली तर एक मोठा संघ तिला पगारावर घेणार होता. हरली तर पैशांअभावी खेळ सुटणार होता.

शर्यत सुरू व्हायच्या आधी सराव करत काही जणी दुकानाशी थांबल्या. मी एकेकीला नीट पाहून घेतलं. बंगळुरूवालीची सायकल म्हणे बोटावर उचलता येते. मग चालवता कशाला, गळ्यात घाला! पंजाबवाली सपाट रस्त्यावर सुसाट, पण चंद्रपूरच्या उन्हात पार कोमेजलेली. केरळवाली दिवसभर दुसरीच्या पाठीमागे दडून वारा चुकवते आणि शेवटच्या वळणावर पुढे घुसते. याला डोकं म्हणतात म्हणे! त्यांच्या चाकांना माझं तोंड बसत नाही म्हणून मी जळतो, असं समजू नका. बरं, थोडा जळतो.

पण खरी चीड आमच्या गावच्या मुखरूची. बाजारापलीकडे कधी सायकल हाणली नाही, आणि दुकानातल्या बाकावर बसून निकाल देतो.

"पंजाबवालीच बक्षीस नेते. आपली दिव्यानी? तिच्यात दम नाई."

"पाहू ना, भाऊ," इसरूभाऊ पंक्चर काढता काढता म्हणाले.

शर्यतीच्या शेवटच्या दिवशी मूल गावच्या बाजूने दिव्यानी एकटी आली! बाकीच्या कुठल्या कुठे मागे होत्या; सगळ्या दिवसांच्या वेळेतही आता तीच पुढे होती. इसरूभाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि मलाही फार आनंद झाला.

तेवढ्यात तोच मुखरू हार आणि पाण्याचा लोटा घेऊन भर रस्त्यात उभा राहिला. त्याच्यामागे अर्धं गाव. आमच्याकडे घरी आलेल्याला आधी पाय धुवायला पाणी देतात. चांगली रीत आहे, पण धावत्या शर्यतीत? बंदोबस्ताचा शिपाईसुद्धा मोबाइल काढून फोटो घेत होता.

"काका, बाजूले व्हा! मले जाऊ द्या!" दिव्यानी ओरडली.

"थांब वं माय! गावची पोट्टी पाय न धुता कशी जाईन?"

थोरल्या माणसाच्या अंगावर सायकल कशी घालायची? तिने ब्रेक दाबला. मुखरूने पायावर पाणी ओतलं, हार घातला, वर फोटोसाठी हसायला लावलं.

"सोडा ना तिले!" इसरूभाऊ गर्दीत घुसून किंचाळले. ऐकतो कोण? तोवर बाकीच्या साऱ्या जणी कडेच्या मातीतून सर्रकन निघून गेल्या.

शर्यत केरळवालीने जिंकली. संघानेही तिलाच घेतलं. संध्याकाळी दिव्यानी दुकानाच्या पायरीवर बसून रडत होती, आणि मुखरू समोर चहा भुरकत म्हणाला, "मी त म्हणलोच होतो. दम नाई तिच्यात."

मित्रांनो, मला तेल घाला, गंज पुसा, असं मी मागत नाही. गंजू द्या मला. पण तुमचं माणूस जिवाच्या आकांताने पुढे निघालं असेल, तर तुमचं प्रेम घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहा.