साच्यांच्या कपाटाची किल्ली

सकाळपासून अकराव्यांदा फोन वाजला. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्याची वीजजोडणी वाढवून घेण्यासाठी मालक खोकीवाले कचेरीच्या रांगेत उभे होते. ही तिसरी खेप. पहिल्यांदा अर्जाचा नमुना जुना निघाला, दुसऱ्यांदा सहीचे साहेब रजेवर.

"आता काय?" ते खेकसले.

"अहो, औषध कंपनीच्या बाई आल्यात," बायको दबक्या आवाजात म्हणाली. "डोळ्यांदेखत खोकी बनवून दाखवा म्हणतात. साच्यांच्या कपाटाची किल्ली कुठाय?"

किल्ली त्यांच्या खिशात होती.

पुढे दोनच माणसं उरली असताना रांग सोडून ते धावले. पोचले तर पुठ्ठा कापायचं यंत्र थंड, नऊ कामगार बायका हातावर हात ठेवून बसलेल्या, आणि पाहुण्या बाई घड्याळ बघताहेत. त्यांनी साचा बसवला, पट्टीखाली कागदाच्या घड्या सरकवून दाब जुळवला. खोकी सुरेख उतरली.

"काम छान आहे. पण तुम्ही आजारी पडलात तर?" बाईंनी विचारलं.

"मी आजारी पडत नाही."

"सगळे असंच म्हणतात, म्हणून तर आमची औषधं खपतात. पंधरा दिवसांनी येते. पाचशे खोकी हवीत, पण तुम्ही आत यायचं नाही. जमलं तर वर्षभराचं काम तुमचं."

बाई गेल्या आणि खोकीवाले उसळले. "कचेरी वीज देत नाही, गिऱ्हाईक मालकालाच बाहेर काढतं. धंदा वाढवायचा तरी कसा?"

डिंक लावणाऱ्या मावशी शांतपणे म्हणाल्या, "वीज तुमच्या हातात नाही, शेठ. किल्ली आहे."

"एकाला शिकवलं होतं ना? वर्षात त्यानं समोरच दुकान थाटलं."

"तो एक गेला. आम्ही नऊ जणी सहा वर्षं इथंच आहोत. त्याच्या वाट्याची शिक्षा आम्ही का भोगायची?"

खोकीवाल्यांचा हात खिशातल्या किल्लीवर गेला. आपण या बायकांना रोज, न बोलता, चोर ठरवत होतो! त्यांनी किल्ली काढून मावशींच्या हातावर ठेवली.

शिकवणं सोपं गेलं नाही. ढीगभर पुठ्ठा नासला.

"मावशी, कुस्ती खेळताय का? हळू!"

"तुम्ही शिकताना किती नासवला होतात?"

"...दोन गाड्या," ते पुटपुटले. नऊही जणी हसल्या.

पंधराव्या दिवशी खोकीवाले बाहेर पायरीवर बसले. मध्येच यंत्र थांबलं. ते ताडकन उठले.

"बसा," दारातून बायको म्हणाली.

आतून मावशींचा आवाज आला, "कोपरा फाटतोय. एक घडी काढ गं." यंत्र पुन्हा सुरू झालं. बाईंनी एकेक खोकं तपासलं, सात नापास केली आणि वर्षभराचं काम दिलं.

मित्रहो, छोट्या धंद्याची वाट अडवणाऱ्या कचेऱ्या पुष्कळ आहेत. त्यांच्याशी भांडायलाच हवं. पण आपणही आपल्याच माणसांना ताटकळत ठेवत नाही ना, हे आधी तपासावं. कसब मालकाच्या मुठीत राहिलं, तर धंदा त्या मुठीएवढाच राहतो.