फोटोच्या गाडीचा मुक्काम

आमची गाडी मोडनिंबच्या अलीकडे केराबाईच्या शेतात उभी राहिली ती नऊ जानेवारीला. अकरा तारखेला सकाळी ती सुरू होईना. वीस तारखेला आम्हांला मुंबईत पोहोचायचं होतं. ते का, हे दोघांपैकी फक्त मला माहीत आहे, असं मी तेव्हा धरून चालले होते.

ही पूर्वीची फोटोची गाडी. गावोगाव फिरून छातीचे एक्स-रे काढणारी. माझे पती चन्नवीर चोवीस वर्षं तिचे ड्रायव्हर होते आणि मेकॅनिकही. पंच्याहत्तर साली ती मोडीत निघाली तेव्हा त्यांनी ती घेतली आणि वर्षभर सोलापुरात आमच्या अंगणात उभी करून तिचं घर केलं. यंत्राच्या खोलीत खाट बसवली. भिंतीतला शिशाचा पत्रा तसाच ठेवला, त्यामुळे आत बाहेरचा आवाज फारसा येत नसे. फिल्म धुण्याच्या अंधारखोलीत स्टोव्ह आणि डबे आले. तिथला तांबडा दिवा मात्र त्यांनी काढू दिला नाही. मी तांबड्या उजेडात कणीक मळायची.

"रिटायर झालो की दोन महिने ह्यातच राहायचं," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. "कोकण, गोवा, परत कोल्हापूरवरून. आवडलं तिथं थांबायचं."

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. आवडलं तिथं थांबायचं, ही योजना मला योजना वाटत नसे.

ते रिटायर झाले त्याच वर्षी डिसेंबरात त्यांच्या खोकल्यातून रक्त पडलं. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला गाठ निघाली. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावून सांगितलं. रोग्याला सांगायची तेव्हा रीत नव्हती. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात वीस जानेवारीचा पलंग मिळाला. ऑपरेशन केलं तर दहांतला एखादा निभावतो, असं डॉक्टर म्हणाले. मी एक्स-रेचं पाकीट ट्रंकेच्या तळाशी, साड्यांखाली ठेवलं आणि घरात म्हणाले, "निघू या की आता. वाटेत मुंबईला मावसबहिणीकडे दोन दिवस थांबू."

ते "बरं" म्हणाले आणि टायरची हवा बघायला गेले.

मी कॉलेजातून रजा घेतली आणि वेळापत्रक केलं. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर, दुपारी विश्रांती, एक दिवस जादा हाताशी. पहिल्याच मुक्कामाला ते मोडलं.

"रोटर तडकलाय," बॉनेटमधून डोकं काढून ते म्हणाले. "डिस्ट्रिब्युटरमधला. त्याशिवाय ठिणगीच पडत नाही. सोलापूरहून मागवायला लागेल."

"दाखवा."

"फेकला विहिरीपलीकडे. काय करायचाय?"

कुणाकडून तरी सोलापूरला निरोप धाडलाय, असं ते म्हणाले. आम्ही वाट बघत बसलो. म्हणजे मी वाट बघत होते. ते नुसते बसले होते.

गाडीच्या कुशीला त्यांनी ताडपत्री बांधून सावली केली. घडीची खुर्ची टाकली. सकाळी तासभर डाळ निवडायची, एकेक खडा बघून. मग बिजागरीला तेल. मग समोरच्या शाळूच्या रानात पाखरं उतरायची आणि राखणीच्या माळ्यावरून केराबाईची गोफण सुटायची. ती चुकली की हे इकडून ओरडायचे, "केराबाई, पाखरं हसायला लागली!"

"हसू द्या की! तुमी तरी काय करताय तितं बसून? या, हाणा चार दगड!"

केराबाई साठीची. पहिल्या दिवशीच तिनं गाडी ओळखली होती. पत्र्यावर हात फिरवून म्हणाली, "ही फोटूची गाडी न्हवं? माझ्या मालकाचा फोटू ह्यातच काढलावता. लई चांगला आलाय म्हणलं डाक्टर. फुडच्या पोळ्याला मालक गेलं." आणि चन्नवीरांकडे बघून, "तुमीच व्हता न्हवं डायवर? तवा मिशा व्हत्या."

"त्या पण गेल्या," हे म्हणाले. दोघंही हसली. मला हसू आलं नाही.

दुपारी ती हुरडा भाजायची. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं खुपसायची, हातावर चोळून हिरवे दाणे आमच्या पुढ्यात टाकायची. मी शेंगाचटणीचा डबा काढायची. चौदा तारखेला, संक्रांतीला, ते खाऊन मला ताडपत्रीखाली झोप लागली. महिनाभरात नीट अशी तीच. उठले तर ऊन कलतीला लागलेलं, माझ्या पायांवर त्यांची शाल, आणि ते खुर्चीत बांधावरच्या करडईच्या काट्यांकडे बघत होते. मला त्या झोपेची शरम वाटली. सहा दिवस राहिले होते.

सोळाला मी चालत मोडनिंबला गेले. हमरस्त्यावर धोंडिरामचं गॅरेज होतं. मी रोटर मागितला, गाडी सांगितली.

"जुना दावा की, मापाला."

"तडकला होता. फेकला म्हणाले."

धोंडिरामनं हातातला पान्हा खाली ठेवला. "कोन म्हनलं?"

"आमचे हे. तेच ड्रायव्हर."

"चन्नवीर डायवर? फोटूच्या गाडीचं?" तो हसायलाच लागला. "बाई, त्यांनी रोटर फेकला? ह्या लायनीतला प्रत्येक डायवर मुक्कामाला रोटर काढतो आन् खिशात घालून झोपतो. कुनी गाडी पळवू न्हाय म्हनून. मला त्यांनीच शिकवलंय हे. जुना बगा कुटंतरी खिशात असंल."

"सोलापूरहून मागवलाय, असा काही निरोप आला होता?"

"सोलापूरला कशाला? हितं माझ्याकडं डबाभर हायेत."

त्यानं एक रोटर कागदात बांधून दिला. परत येताना मी तो मुठीत धरला होता. वाटेत एकदाही थांबले नाही.

ते विहिरीवर अंघोळीला गेले होते. रोटर त्यांच्या चष्म्याच्या जुन्या डबीत होता, फडक्यात गुंडाळलेला. मी माझं भिंग काढून उजेडात तपासला. बॅकेलाइटचं काळं अंग अखंड होतं, पितळेची पट्टी स्वच्छ पुसलेली. कुठंही तडा नव्हता.

ते आले तेव्हा मी दोन्ही रोटर खुर्चीवर ठेवून उभी होते.

"सापडला?" ते म्हणाले. अंग पुसत राहिले. "धोंड्या बोलला असणार. त्याच्या पोटात काही राहत नाही."

"चार दिवस उरलेत."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अगं, चोवीस वर्षं ह्या गाडीच्या पायरीवर बसून मी फोटो उन्हाला धरून बघितले. डॉक्टरांच्या आधी सांगायचो, हा राहील, हा जाईल. आणि तू माझाच फोटो साड्यांखाली ठेवलास?" ते हसले, मग खोकले. खोकला थांबेपर्यंत मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. बरगड्या हाताला मोजता येत होत्या. "पाकीट आणलंस त्याच दिवशी बघितला. जुन्या काठापदराच्या साडीखाली. गाठ सुपारीएवढी आहे."

"मग बोललात का नाही?"

"तू एवढं वेळापत्रक केलं होतंस."

मी खाली बसले. "ऑपरेशननं दहांतला एक वाचतो."

"ह्या गाडीतून एकवीस माणसं मी मुंबईला पोहोचवली, इस्पितळाच्या दारापर्यंत. परत आणली तीन."

"एकवीस हा नमुना फार लहान आहे," मी म्हणाले. "त्यावरून काही सिद्ध होत नाही."

"बघ," ते म्हणाले, "म्हणून मी तुला सांगितलं नाही. वादात मी हरलो असतो." मग खुर्चीतले रोटर उचलून बाजूला ठेवले आणि बसले. "नवा बसव म्हणालीस तर बसवतो. आत्ता निघालो तरी पोचू. पण मला विचारशील तर, मला हितं बरं वाटतंय. विजू, तुलाही वाटलं होतं. संक्रांतीला घोरत होतीस."

सतराला दिवसभर मी बोललेच नाही. केराबाईनं विचारलं, "मास्तरीणबाई, भांडलासा व्हय?" ते म्हणाले, "न्हाय, गणित करतीय." मी खरंच तेच करत होते. दहांतला एक, एकवीसांत तीन. दोन्हींतून त्यांचं उत्तर निघत नव्हतं. ते त्यांना विचारूनच मिळणार होतं, आणि ते त्यांनी दिलं होतं.

अठराला मी मोडनिंबच्या पोस्टात गेले आणि इस्पितळाला तार केली: येत नाही, पलंग दुसऱ्यास द्यावा. तारबाबूनं शब्द मोजले आणि पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं. नवा रोटर मी धोंडिरामला परत दिला. जुना चष्म्याच्या डबीत ठेवला.

नंतरचे दिवस चांगले होते, असं लिहिलं तर ते खोटं होईल. त्यांना ताप यायचा. जानेवारी संपता संपता आवाज बसला. डॉक्टरांनी आधीच देऊन ठेवलेलं औषध मी मोजून द्यायची. पण सकाळी डाळ निवडायला आम्ही दोघं बसायचो, आणि मला आता घाई नव्हती. एका कणसात दाणे किती ते मी मोजायची, ते चुकीचा अंदाज सांगायचे. शाळूची काढणी झाली. रान मोकळं झाल्यावर पाखरं येईनाशी झाली. ओरडून बोलता येत नव्हतं, म्हणून ते केराबाईला काठी उंच करून दाखवायचे. ती तिकडून गोफण उंच करायची.

सव्वीस फेब्रुवारीला दुपारी ते गेले, शिशाच्या पत्र्याच्या त्या खोलीत. बाहेर केराबाई कडबा रचत होती. मी तिला हाक मारली, पण बाहेरचा आवाज आत येत नसे तशी माझी हाकही बाहेर गेली नसावी. मी दार उघडून पायरीवर उभी राहिले, तेव्हा तिला कळलं.

दहांतला तो एक ते असते की नसते, हे मला कळलेलं नाही. ह्या प्रयोगाला तुलनेसाठी दुसरी परीक्षानळी नव्हती. मी विद्यार्थ्यांना असल्या प्रयोगावरून निष्कर्ष काढू देत नाही, आणि स्वतःही काढलेला नाही.

त्यांना गाडीतूनच सोलापूरला न्यायचं ठरलं. धोंडिराम चालवायला आला. बॉनेट उघडून त्यानं हात पुढे केला. मी डबीतून रोटर काढला, फडक्यानं पुसला आणि त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो बसवला, झाकण लावलं, आत चढला.

दीड महिना उभी असलेली गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली.