दोन हजार तंतूंचा सांभाळ

मित्रांनो, मी एक जुना मोटर न्यूरॉन आहे, आणि यंदा सहा डिसेंबरला चंपामावशी चैत्यभूमीपर्यंत पोहोचल्या नाहीत. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही. आपण पहिल्यापासून सुरू करू.

मोटर न्यूरॉन म्हणजे स्नायूला हुकूम देणारी चेतापेशी. माझं बिऱ्हाड चंपामावशींच्या मणक्यात, कंबरेच्या मजल्यावर. तिथून माझी लांब तार उजव्या मांडीत उतरते, तिला फांद्या फुटतात आणि एकेक फांदी एकेका स्नायूतंतूपाशी थांबते. चिकटत नाही, मध्ये बारीक फट असते. त्या फटीत मी जरासं रसायन सोडतो, की पलीकडचा तंतू आखडतो. तंतूला स्वतःचं डोकं नाही. मी सांगितलं तर हलणार, नाही सांगितलं तर वाट बघणार, आणि फारच वाट बघावी लागली तर वाळून जाणार.

माझ्याकडे चारशे तंतू होते. सुखाची नोकरी होती. मग मावशी दोन वर्षांच्या असताना, नायगावच्या बीडीडी चाळीत, त्यांना पोलिओ झाला. माझ्या रांगेत आम्ही दहा जण राहायचो. तापाच्या एका आठवड्यात नऊ गेले. मी का राहिलो, ठाऊक नाही; कुणी चौकशीलाही आलं नाही. खाली मांडीत त्यांचे तंतू पोरके पडले होते. मी नव्या फांद्या काढल्या आणि पोहोचता येईल तितके आपल्यात घेतले. चारशेचे दोन हजार झाले.

त्यांच्या जोरावर मावशी चालू लागल्या. उजवा हात मांडीवर दाबून, पण चालू लागल्या. पोलिओ झाला त्या वर्षी आईने त्यांना कडेवर घेऊन चैत्यभूमीला नेलं होतं. चालता आल्यापासून दर वर्षी त्या स्वतःच्या पायांनी गेल्या. चाळीत कौतुक व्हायचं. "चंपाकडे बघ जरा!" म्हणून धडधाकट पोरं बोलणी खायची. कौतुक पायाचं असायचं. माझं नावच कुणाला माहीत नसल्यामुळे मी ते आपलंच समजायचो.

साठ वर्षं मी पाच जणांचं काम केलं. मग माझ्या फांद्यांची टोकं झडू लागली. डॉक्टर म्हणाले, जुन्या पोलिओत असं होतं, पायाला दमवू नका. शेजारच्या अजितला हे पटलं नाही. तो जिमला जातो.

"मावशी, बसलीस की संपलीस! रोज तीन मजले, वर-खाली. सहा डिसेंबरपर्यंत एकदम फिट."

"तिला दमवू नको रे अजित," मावशींची मुलगी नम्रता म्हणायची. "मी व्हीलचेअर आणते ना."

"तुझ्या खुर्चीत तूच बस," मावशी म्हणायच्या. "मी चालत जाणार."

अजित वाईट नाही. जिना उतरताना तो दोन पायऱ्या पुढे राहायचा, मावशी पडल्या तर झेलायला. मी मात्र रोज काही तंतूंचा निरोप घ्यायचो.

सहा डिसेंबरला, टिळक पुलाच्या चढावर, मी हुकूम सोडला. हजेरीला फारसं कुणी नव्हतं. गुडघा वाकला. मावशी कठड्याला धरून खाली बसल्या.

"दोन मिनटं," त्या म्हणाल्या. पाऊण तास झाला.

"आई, टॅक्सी करू?"

पांढऱ्या कपड्यांतली माणसं बाजूने पुढे जात होती, मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग मांडीवर चापट मारून हळूच म्हणाल्या, "तूपण गेलास काय रे?"

साठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी बोललं, मित्रांनो. मला उत्तर देता येत नाही. मला फक्त 'आखड' एवढंच सांगता येतं. मी ते सांगितलं. मांडीत बारीकशी फडफड झाली. टॅक्सी आली तेव्हा मावशींना उचलून आत बसवावं लागलं. टॅक्सी घराकडे वळली.

मित्रांनो, दमलेल्याला "अजून थोडं" म्हणण्याआधी, आधीच किती झालंय ते विचारत जा. बाकी माझा अर्ज आहे.

प्रति, मज्जारज्जू विभाग, कंबर. महोदय, माझ्याकडे सध्या सहाशे बारा तंतू शिल्लक असून मी लवकरच सेवेतून मुक्त होत आहे. सबब सदर तंतू अन्य कोणाच्या तरी नावे करण्यात यावेत. ते शक्य नसल्यास, मी गेल्याचे त्यांना कळवण्यात येऊ नये, ही विनंती.