चेंबरचा बोल्ट

इंजिनाच्या हेडच्या शेवटच्या नटावर त्याने पाना चढवला, पाय रोवून अंगाचा भार टाकला, आणि नेमका तेव्हाच खिशातला फोन थरथरला. डेअरीतून साहेब बोलत होते. शीतखोलीचा कंप्रेसर पुन्हा बंद पडला होता.

"साहेब, आज सुट्टी आहे माझी."

"दुधाला सुट्टी असते का रे?"

नट तसाच सोडून तो हात पुसत निघाला. तीन वर्षं हे असंच चाललं होतं. फिटरच्या नोकरीतून वाचेल तो वेळ आणि घरखर्चातून उरेल तो पैसा, दोन्ही त्या जुन्या ट्रकच्या इंजिनाच्या घशात जात होते. लायनर भंगारातून आणलेले, पिस्टन दुसऱ्याच कुठल्या गाडीचे, घासून बसवलेले. गॅस्केट तर त्याने स्वतःच्या हाताने कापली होती. बायको इंजिनाला सवत म्हणायची. "खरी सवत निदान भांडी तरी घासते," असंही ती एकदा म्हणाली होती, आणि तेव्हा ती हसत नव्हती.

पण हा सगळा हट्ट अण्णांसाठी, त्याच्या वडिलांसाठी होता. त्यांनी हा ट्रक वीस वर्षं चालवला. मग एक दिवस धावता धावता इंजिन जळून जाम झालं. खाली चेंबरात, म्हणजे तेलाच्या टाकीत, थेंब नव्हता, आणि तिचं भोक बंद करणारा बोल्टही नव्हता. गाडीची देखभाल धाकट्या काकाकडे असायची आणि आदल्याच दिवशी त्याने तेल बदललं होतं. त्याने बोल्ट नीट आवळला नाही, असं ठरलं. काका शपथा घेत राहिला, पण ऐकतो कोण? आजीने त्याला उभ्या उभ्या घराबाहेर काढलं, ते कायमचं. तेव्हापासून ट्रक पत्र्याच्या शेडमध्ये पडून होता आणि अण्णा संध्याकाळी त्याच्याजवळ खुर्ची टाकून गप्प बसायचे. गाडीसाठी त्यांचा जीव तुटतो, असं मुलाला वाटे.

पुढच्या रविवारी कोणाचा फोन आला नाही. राहिलेला नट आवळून त्याने अण्णांना हाताला धरून शेडमध्ये आणलं आणि सेल्फ मारला. तीनदा नुसतीच गुरगुर झाली. चौथ्यांदा इंजिनाने काळा धूर ओकला, ते अडखळलं, आणि सुरू झालं. पत्रे थरथरायला लागले. त्याने डोळे बाहीला पुसले आणि वळून पाहिलं.

"बंद कर ते," अण्णा म्हणाले.

"अहो, ऐका तरी!"

"बंद कर म्हणतो ना."

आवाज थांबल्यावर अण्णा मडगार्डला हात टेकून उभे राहिले.

"तो बोल्ट मी काढला होता. रस्त्यात गाडी थांबवून. तेल खड्ड्यात सोडलं, बोल्ट झाडीत फेकला आणि गाडी ताणली."

"पण का?"

"पाठ गेली होती माझी. महिन्यातून चार दिवस घरी. आईला, तुझ्या आजीला म्हटलं, सोडतो गाडी. ती म्हणाली, गाडी थांबली की चूल थांबेल. तिच्यापुढे बोलायची कोणाची टाप होती?"

"आणि काका?"

अण्णा मडगार्डवरची धूळ बोटाने पुसत राहिले. "त्याच्यावर येईल असं वाटलं नव्हतं. आलं. मग सांगायचं राहून गेलं."

काका शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदार होता. दुपारी पुतण्या तिथे पोचला तेव्हा काका स्टुलावर बसून नोंदवहीत रेघा ओढत होता. त्याने उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. काकाने रेघ पुरी केली.

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "माझा हात मला माहीत नाही होय? चांगला आवळला होता मी तो बोल्ट. म्हटलं, आज ना उद्या अण्णा बोलेल."

"काका, मी काय बोलू?"

"तू काय बोलणार!" काकाने पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "एवढंच सांग. आई जायच्या आधी त्याने तिला सांगितलं होतं का?"

हे अण्णांना विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं. शेवटच्या आठवड्यात आजी कुशीवर वळून, शुद्ध होती तोवर, एकच सांगत होती: धाकट्याला बोलावू नका. ते त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. समोरच्या खाकी सदऱ्याची कॉलर विरून तिचे दोरे लोंबत होते.

"हो," तो म्हणाला. "सांगितलं होतं. आजीला कळलं होतं सगळं."

काकाने नोंदवही मिटली. मग त्याने मान खाली घातली.

"म्हणजे कळलं होतं तिला," तो हळूच म्हणाला. "आणि तरी मला बोलावलं नाही."

"तसं नाही, काका..."

फाटकाबाहेर हॉर्न वाजला. काका उठला, टोपी नीट केली, आणि कडी काढायला गेला.